बाळपणीचे औषध, मूत्रपिंड आणि मुदतीचा कायदा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या आळीत एक जुने मराठी कुटुंब राहते. मागे एकदा चैत्रात त्या घरचे गृहस्थ आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाची एका नोकरीसाठी निवड झाली होती. परंतु वैद्यकीय तपासणीत लघवीत प्रथिन सापडले, रक्तदाब वयाच्या मानाने चढा निघाला, आणि पुढील तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे आकाराने लहान दिसली. तज्ज्ञ डॉक्टरांनी जो पहिला प्रश्न केला तो आजच्या दुखण्याविषयीचा नव्हताच. "तुझा जन्म कितव्या महिन्यातला? आणि जन्मल्यावर तुला कोणती औषधे दिली होती?" असे त्यांनी विचारले. मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. घरातील आजींना आठवत होते ते इतकेच की, नातू सातव्या महिन्यात जन्मला, तळहातावर मावेल एवढा होता, आणि "पंधरा-वीस दिवस काचेच्या पेटीत ठेवून त्याला सुया टोचीत असत." सुया कशाच्या, किती दिवस, किती मात्रेच्या, हे सांगणारा कागद घरी उरला नव्हता. ज्या रुग्णालयात तो जन्मला तेथेही काही मिळाले नाही.

गृहस्थांनी पिशवीतून एक रेशमी पुडके मात्र काढले. आत मुलाची जन्मपत्रिका होती. जन्माची वेळ घटिका-पळांसह, नक्षत्र, चरण, रास, गण, नाडी. सारे सुवाच्य अक्षरात, कडेला हळदकुंकवाची बोटे. "एवढे एकच त्या वेळचे आहे," ते म्हणाले. "वकीलसाहेब, यावर काही करता येईल का?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या निमित्ताने मला औषधांच्या आणि औषधविषयक कायद्यांच्या इतिहासात बरेच दिवस हिंडावे लागले. मी वैद्य नव्हे, आणि वैद्यकाचा आव आणण्याची माझी इच्छाही नाही. परंतु या इतिहासात एक गोष्ट अशी दिसली की, ती वैद्यांपेक्षा वकिलांच्या आणि त्याहूनही आईबापांच्या कामाची आहे.

प्रथम मूत्रपिंडाची घडण समजून घेतली पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म यंत्रणा असतात. त्यांस नेफ्रॉन म्हणतात. सरासरीने एका मूत्रपिंडात त्या ९ ते १० लाख असतात. पण ही सरासरी फसवी आहे, कारण माणसामाणसांत ही संख्या जेमतेम २ लाखांपासून २५ लाखांपर्यंत आढळली आहे. या नेफ्रॉनांची निर्मिती गर्भावस्थेच्या नवव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, त्यांतील बहुसंख्य शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात, आणि ३६ व्या आठवड्याच्या आसपास हे काम कायमचे थांबते. त्यानंतर माणूस शंभर वर्षे जगो, एकही नवा नेफ्रॉन त्यास मिळत नाही. त्वचा भरून येते, हाड जुळते, यकृतही बरेच वाढते. मूत्रपिंडाचे तसे नाही. जन्मतः जे भांडवल हाती येते त्यातून केवळ खर्च होत राहतो. ज्याचे भांडवल मुळात थोडे, त्याच्या उरलेल्या नेफ्रॉनांवर कामाचा बोजा अधिक पडतो. ते फुगतात, काही काळ सर्व ओझे निमूटपणे वाहतात, आणि मग एकेक करून निकामी होऊ लागतात. बॅरी ब्रेनर या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह हा विचार १९८८ साली मांडला. पुढे २००३ मध्ये जर्मन संशोधकांनी अपघातात मृत्यू पावलेल्या २० जणांची मूत्रपिंडे तपासली. त्यांपैकी ज्या दहांना उच्च रक्तदाब होता त्यांच्यात नेफ्रॉनांची मध्यम संख्या सुमारे ७ लाख निघाली. त्याच वयाच्या व बांध्याच्या निरोगी दहांत ती १४ लाखांच्या घरात होती. बरोबर निम्मी.

हा हानीचा प्रकार गुप्त असतो. वीस-तीस वर्षे त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. मूल इतर मुलांसारखे खेळते, शाळेत जाते, आणि आईबापांना वाटते की, जे संकट होते ते पाळण्यातच टळले.

आता औषधाचा संबंध. जे बालक सातव्या महिन्यात जन्मते त्याचे मूत्रपिंड अर्धवट बांधलेल्या घरासारखे असते. जन्मानंतरही सुमारे चाळीस दिवस त्यात नेफ्रॉनांची बांधणी चालू राहते, परंतु ती आईच्या उदरात नव्हे, उघड्या जगात. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या जिवाला वाचविण्यासाठी तीव्र औषधे द्यावी लागतात. जंतुसंसर्गावर जेंटामायसिन आणि त्याच्या कुळातील औषधे, हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी मिटावी म्हणून इंडोमेथासिन किंवा आयब्युप्रोफेन. जेंटामायसिनचा शोध १९६३ साली प्रसिद्ध झाला, आणि ते औषध मूत्रपिंडाच्या नलिकांत साठून तेथील पेशींना इजा करते ही गोष्ट वैद्यकास लवकरच कळून चुकली. पॅरिस येथील संशोधकांनी पुढे गाभण उंदरिणींना ते देऊन पाहिले, तेव्हा पिल्लांत नेफ्रॉनांची संख्या घटलेली आढळली. रक्तदाबावरील एका विशिष्ट वर्गाची औषधे आईने गर्भारपणी घेतल्यास गर्भाच्या मूत्रपिंडाची वाढ खुंटते, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषधखात्याने १९९२ साली दिला. साध्या अंगदुखीवर घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गर्भाच्या विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात, ही सूचना तर २०२० ची.

परंतु येथे न्यायाने बोलले पाहिजे. उंदराच्या पिल्लावरून मनुष्याच्या बाळाविषयी निकाल देता येत नाही. पूर्ण दिवसांच्या बालकास थोडे दिवस दिलेल्या जेंटामायसिनने झालेली इजा बहुधा भरून निघते, असाच अनुभव आहे. आणि नवजात बालकाच्या रक्तात जंतू शिरले असता औषध न देणे म्हणजे त्यास मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. अपुऱ्या दिवसांचे मूल मुळातच कमी नेफ्रॉन घेऊन येते. मग पुढे जे झाले ते अकाली जन्मामुळे, संसर्गामुळे की औषधामुळे, हे वेगळे काढणे अनेकदा निष्णात डॉक्टरांनाही अशक्य होते. आमच्या आळीतील मुलाच्या डॉक्टरांनी हेच सांगितले. "ज्यांनी त्या सुया दिल्या त्यांनीच याला वाचविले," असे ते म्हणाले, "मला दोष द्यायचा नाही. मला फक्त माहिती हवी होती."

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे ज्ञान वैद्यकाला फार उशिरा आणि फार महाग पडून मिळाले. १९५९ साली अमेरिकेत असे लक्षात आले की, क्लोरॅम्फेनिकॉल नावाचे गुणकारी औषध मोठ्यांच्या हिशेबाने नवजात बालकांना दिले असता ती करड्या रंगाची होऊन दगावतात, कारण त्यांचे यकृत ते पचवू शकत नाही आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. त्याआधी इंग्लंडात दात येताना मुलांच्या हिरड्यांवर पाऱ्याचे चूर्ण चोळीत. हातपाय गुलाबी होऊन मुले महिनोन्‌महिने तळमळत, आणि त्या दुखण्यास 'गुलाबी रोग' असे गोंडस नाव मिळाले होते. पाऱ्याचा संबंध १९४० नंतरच्या दशकात जोसेफ वारकनी यांनी दाखविला, १९५४ च्या सुमारास उत्पादकांनी चूर्णातून पारा काढला, आणि रोग पाहता पाहता नाहीसा झाला.

आपण याला हसावे अशी आपली स्थिती नाही. आपल्याकडे जातकर्म संस्कारात बालकाच्या जिभेवर सोन्याने मध-तुपाचे बोट लावितात, आणि मग बाळघुटी येते. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, अतिविष उगाळावयाचे. कशाचा एक वेढा, कशाचे दोन. या 'वेढ्यां'त मात्रेचा विचार होता हे मान्य केले पाहिजे. जायफळाचा वेढा वाढला तर मूल गुंगते हे आमच्या आजीला ठाऊक होते, आणि ती सून नवखी असेपर्यंत सहाण तिच्या हाती देत नसे. मात्र आजच्या बालरोगतज्ज्ञांचे मत सहा महिने केवळ आईचे दूध, मध नाही व घुटीही नाही, असे आहे. आणि त्यामागे कारण आहे. घरची सहाण गेली व बाजारची पुडी आली, की त्या पुडीत काय आहे हे आजीलाही सांगता येत नाही. १९८४ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात एका भारतीय कुटुंबातील तान्ह्या मुलाचा शिशाच्या विषबाधेने अंत झाला. पोटदुखीवर म्हणून त्यास तीन देशी औषधे दिली जात होती. अमेरिकी आरोग्यखात्याच्या नोंदीत त्यांची नावे आहेत, आणि त्यांतील एक नाव वाचून मी दचकलो: 'बाळगोळी'.

शिसे आणि मूत्रपिंड यांचा संबंध ज्या गावी सिद्ध झाला ते गाव आपल्यापासून फार दूर, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन. तेथील घरांना लाकडी पडव्या असतात. त्यांना शिसेयुक्त रंग देत; उन्हाने त्याची भुकटी होई, मुले त्या कठड्यांना हात लावून बोटे तोंडात घालीत. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टराने १९०४ साली विषाचे मूळ त्या रंगात असल्याचे दाखविले. १९२२ मध्ये क्वीन्सलंडने त्याविरुद्ध कायदा केला, आणि प्रकरण मिटले असे लोकांस वाटले. परंतु पुढे त्या प्रांतात तरुण माणसे मूत्रपिंडाच्या विकाराने अवाजवी संख्येने मरू लागली. तेव्हा हेंडरसन नावाच्या डॉक्टराने एक साधेच परंतु चिकाटीचे काम केले. १९१५ ते १९३५ या काळात ज्या मुलांना शिशाची बाधा झाल्याचे रुग्णालयात नमूद होते त्यांची जुनी यादी काढली. नावे ४०१ भरली. मग त्याने एकेका नावाचा मृत्युनोंदीत शोध घेतला. १९५४ साली त्याने जे प्रसिद्ध केले ते असे: ४०१ पैकी १६५ जण मृत झाले होते, आणि त्यांतील १०८ मूत्रपिंडाच्या दाहाने किंवा रक्तदाबाने गेले होते. बाळपणी चाटलेला रंग तरुणपणी मृत्यू होऊन आला. ही गोष्ट औषधाची नव्हे हे खरे. परंतु बाळपणीचे विष मूत्रपिंडात किती वर्षे दबा धरून बसू शकते याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा आढळला नाही. आणि तो पुरावा उभा राहिला तो कुण्या कारकुनाने वीस वर्षे नीट ठेवलेल्या रुग्णालयाच्या नोंदवहीवर.

आता कायद्याकडे वळतो. औषधविषयक कायदा स्वयंप्रेरणेने क्वचितच जन्मला आहे. त्याला प्रत्येक वेळी प्रेतांनी जागे केले. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे नवे औषध मुलांना गोड पातळ स्वरूपात देता यावे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळविले. हा द्रव स्वस्त, गोडसर, दिसावयास ग्लिसरीनसारखा. पोटात गेल्यावर त्यापासून जे आम्ल तयार होते ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळून टाकते. मूल लघवी करीनासे होते. हेच ठळक लक्षण. ३५३ जणांनी ते औषध घेतले, १०५ जण मेले, त्यांत ३४ मुले होती. आणि त्या कंपनीवर खटला भरावयास तेथील तत्कालीन कायद्यात आधार सापडला तो कोणता? 'एलिक्सिर' या नावाच्या औषधात मद्यार्क असला पाहिजे, तो यात नव्हता. तेव्हा नाव खोटे! शंभरावर जीव गेले, आणि गुन्हा ठरला लेबलावरील एका शब्दाचा. पुढील वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे दाखवून देण्याचा भार त्याने उत्पादकावर टाकला. त्या प्रसंगातून जिवंत राहिलेले २४८ जण मात्र कायद्याच्या इतिहासात कोठे भेटत नाहीत. इतिहासाने १०५ हा आकडा तेवढा लक्षात ठेविला.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातील भेसळ व निकृष्ट औषधांची चौकशी केली, आणि तिच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा निघाला. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. ग्वाल्हेर संस्थान त्याच्या सीमेबाहेर. येथे जयारोग्य रुग्णालय १८९९ पासून उभे होते, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. म्हणजे डॉक्टर घडविणारी संस्था आधी आली, आणि औषधांवर नजर ठेवणारा केंद्रीय कायदा संस्थान विलीन झाल्यावर मागाहून. गोव्यातील आपल्या बांधवांना तर तो १९६१ च्या मुक्तीनंतरच मिळाला.

कायदा आला, परंतु तो द्रव गेला नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये तोच निघाला आणि १४ रुग्णांची मूत्रपिंडे बंद पडून ते दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल वकिली करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. खरेदी करणारे, तपासणारे, परवाने देणारे, अशा एकेका पायरीवर डोळे कसे मिटले गेले हे त्यात उलगडले आहे. १९९८ मध्ये दिल्लीलगतच्या गुडगाव परिसरातील ३६ मुले त्याच विषाने आजारी पडली. ३३ वाचली नाहीत. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूकडील रामनगरात किमान १२ बालके गेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया या देशात सुमारे ७० मुलांचे मृत्यू भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडले गेले, आणि जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला.

आणि मग २०२५. आमच्याच राज्यातील छिंदवाडा जिल्हा, परासिया तालुका. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे सर्दी-खोकल्याच्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. छिंदवाड्याहून जवळचे मोठे शहर नागपूर. तेव्हा आईबाप मुलांना घेऊन नागपूरला धावले. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून झालेल्या तपासणीत नलिका विषाने जळाल्याचे दिसले. तामिळनाडूत कांचीपुरम येथे बनलेले 'कोल्ड्रिफ' हे औषध तपासले असता त्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. वीसाहून अधिक बालके गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतील. त्या औषधातील दोन घटकांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ सालीच काढला होता. आदेश होता, परासियाच्या दुकानातील बाटलीपर्यंत तो पोहोचला नाही.

त्या दिवसांत आमच्या न्यायालयाच्या आवारात चर्चा चाले ती अटकांची, परवान्यांची आणि नुकसानभरपाईच्या रकमांची. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट घोळत होती. असल्या प्रसंगी काही मुले वाचतात. कृत्रिम रक्तशुद्धीवर दिवस काढून घरी येतात. लघवी सुरू होते, आई मारुतीला नारळ फोडते. या मुलांचे पुढे काय? रामनगरच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बारा कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख, म्हणजे एकूण ३६ लाख रुपये देवविले. हिशेब मृतांचा होता. मृत्यूला दाखला असतो, तारीख असते. जळून गेलेल्या नलिकांचा आणि उरलेल्या नेफ्रॉनांवर पडलेल्या बोजाचा दाखला कोणते कार्यालय देते?

मुदतीचा कायदा येथे समोर येतो. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील मूल 'अज्ञान' होय. १९६३ च्या मुदत कायद्याने अज्ञानास सवलत दिली आहे: तो सज्ञान होईपर्यंत मुदत धावत नाही. परंतु सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे एकविसाव्या वर्षी दार मिटते. ग्राहक आयोगाकडे जावयाचे तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. विलंब माफ होऊ शकतो, तो पुरेसे कारण दाखविल्यास. आता मूत्रपिंडाचे गणित या शेजारी मांडून पाहा. इजा पाळण्यात झाली. लक्षण चोविसाव्या, तिसाव्या, कदाचित चाळिसाव्या वर्षी. कायद्याची घटिका भरते त्यानंतर मूत्रपिंड बोलू लागते.

कायदा याबाबत अगदीच आंधळा आहे असे मात्र नाही. मुंबईकडील एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे सांगितले की, इजा उघड असेल तर मुदत कृत्याच्या दिवसापासून मोजावी. परंतु ती लपलेली असेल तर रुग्णाला ती कळली, किंवा योग्य दक्षता घेतली असता कळावयास हवी होती, त्या दिवसापासून मोजावी. हे तत्त्व मला न्यायाचे वाटते. गंमत अशी की, त्या प्रकरणातील तक्रारकर्तीला त्याचा लाभ झाला नाही. तिने वेळीच दक्षता घेतली नाही असे ठरले. तेव्हा तत्त्व आहे, दार किलकिले आहे. परंतु त्या दारातून आत न्यावयाचे काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टराने रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाचे असतात. तीन वर्षे! मोठ्या माणसाच्या मोडलेल्या हाताला ही मुदत पुरेशी असेल. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बालकाचे कागद तो धड बोलू लागण्याच्या वयात रद्दीत घालण्यास मोकळीक देणारा हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांसमोर मूल नव्हते, असे मी स्पष्ट म्हणतो. शेतजमिनीचा सातबारा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ज्या शरीराने ती जमीन कसावयाची त्याच्या पहिल्या महिन्याचा उतारा तीन वर्षांत नष्ट करता येतो.

आपल्या परंपरेत नोंद ठेवण्याची बुद्धी नाही असे कोणी म्हणू नये. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि आपल्या पणजोबांची सही दाखवितात. देवस्थानांच्या दप्तरांत कोणत्या साली कोणी किती तेल वाहिले हे सापडते. आणि याच महाराष्ट्रात बालकांची नोंद किती दीर्घ काळ ठेवता येते याचे उदाहरणही घडले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम आरंभिले. स्त्रियांची मापे गर्भधारणेपूर्वीच घेतली, मग गर्भारपणातील आहार, मग बाळाचे वजन व लांबी, आणि ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्यांचा विषय मुख्यतः मधुमेहाचा होता. परंतु आईच्या पोटात व पहिल्या दिवसांत जे घडते त्याचा जाब शरीर तरुणपणी विचारते, ही गोष्ट त्या खेड्यांतील माउल्यांच्या वह्यांनी जगापुढे मांडली. ब्रिस्बेनची नोंदवही आणि पुण्याची ही वही, दोहोंत मला एकच गुण दिसतो: कोणीतरी कागद फेकला नाही.

वैद्यकाने आता काही रीती घालून दिल्या आहेत. मूत्रपिंडास तीव्र इजा होऊन बरे झालेल्या रुग्णाची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये असे सांगितले की, निरोगी मुलाचा रक्तदाब तिसऱ्या वर्षापासून दरसाल मोजावा. जे मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेले असेल, त्याचा त्याही आधीपासून. रक्तदाबाचा लहान पट्टा आणि लघवीची साधी तपासणी, एवढेच साहित्य लागते. खर्च पूजेच्या दक्षिणेइतका. परंतु हे मूल अपुऱ्या दिवसांचे होते हे ज्याने सांगावयाचे तो कागद हवा, किंवा निदान ते लक्षात ठेवणारी आजी तरी हवी.

आमच्या आळीतील गृहस्थांना मी शेवटी सांगितले की, दावा लावू नका. मुदतीचा अडसर कदाचित ओलांडता येईल, पण पुरावा नाही. आणि डॉक्टरांचे म्हणणे खरे असेल तर दोषही नाही. त्यांना ते पटले. मुलाचे वडील काहीसे निराश झाले, मुलगा नाही. नोकरी त्याला दुसरीकडे मिळाली. तो रक्तदाबाची गोळी घेतो, मीठ कमी खातो, अंगदुखीच्या गोळ्यांना हात लावीत नाही, आणि दर सहा महिन्यांनी तपासून घेतो. मूत्रपिंडाची चाळण अजून पुष्कळ दिवस पुरेल, असे त्याचे डॉक्टर म्हणतात.

दिवाळीत मी त्यांच्या घरी फराळास गेलो होतो. मुलाच्या थोरल्या बहिणीला त्याच आठवड्यात मुलगी झाली होती, तीही तीन आठवडे आधी. आजींनी देवघराच्या फडताळातून ते रेशमी पुडके काढून माझ्या हाती दिले. आत नातवाची पत्रिका होतीच. तिच्याखाली रुग्णालयातून आलेला पणतीचा कागद घडी करून ठेवला होता: जन्माचे वजन, आठवडे, दिलेली इंजेक्शने, त्यांच्या तारखा. कागदाच्या कोपऱ्यावर आजींनी हळदीचे बोट उमटविले होते.